ढोलकी थांबली ती कोणामुळे?

दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते. घोड्यांच्या बाजारासाठी तिची ख्याती दूरवर पसरली आहे. परंतु शहादा तालुक्यातील माणूस तिची वाट पाहतो ती तमाशाच्या तंबूसाठीही. लोकांची अभिरुची पालटली म्हणून तमाशा मरणपंथाला लागला, असे म्हणणाऱ्यांनी या तंबूशेजारी मुंबईतील लालबागच्या हनुमान थिएटरची कहाणी ठेवून पाहावी.

हे थिएटर गिरणगावात नेराळे कुटुंबाने चालविले. त्याचा आश्रयदाता कोणी संस्थानिक नव्हता. सातारा, पुणे, नगरकडून आलेला, बायकामुले गावी ठेवून एका खोलीत दाटीवाटीने राहणारा गिरणी कामगार, हाच तो आश्रयदाता. पाळी सुटली की खिशात तिकिटापुरते पैसे आणि मनात गावची जत्रा! ढोलकीचे फड आणि संगीत बाऱ्या त्याच्या पगारावर पोसल्या गेल्या.

सिनेमाने तमाशा बुडविला, हे मत रूढ आहे. वस्तुतः हिंदी बोलपट आला 1931 साली. लालबागची ढोलकी त्यानंतर कित्येक दशके घुमत राहिली. 1972 साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तरीही ती थांबली नाही. वर्मी घाव बसला तो 18 जानेवारी 1982 रोजी. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यांतील असंख्यांचा पगार पुन्हा कधीच सुरू झाला नाही. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर गिरण्यांच्या जमिनींना निराळेच मोल आले. त्याच दशकात थिएटरमधील तमाशा बंद पडला. तेथे लग्ने लागू लागली. प्रेक्षकाची आवड कायम होती, ती पुरविण्याची ऐपत तेवढी गेली. अर्थशास्त्रात मागणी म्हणतात ती या दोहोंच्या मिलाफाला.

2006 पासून राज्य शासन विठाबाई नारायणगावकर यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार देते. ते उचितच आहे. परंतु फडातील माणसांचा पगार, गाड्यांचे डिझेल आणि तंबूचे भाडे तिकीटबारीवरच निघावे लागते. सारंगखेड्यात ते निघू शकते, कारण यात्रेच्या सुमारास कापसाचा पैसा शेतकऱ्याच्या हाती येतो. चेतक महोत्सवाच्या निमित्ताने येथे पर्यटकांची सोय पाहिली जाते. तशीच तमाशाच्या कनातीसाठी यात्रेतील मोक्याची जागा माफक भाड्याने राखून ठेवावी. कापसाला भाव नसेल त्या वर्षी ते भाडेही घेऊ नये.