करवंदीला बांधावर स्थान द्यावे

चैत्र-वैशाखात पाटण, जावळी आणि शिराळा तालुक्यांतील डोंगरउतारांवर करवंदीच्या जाळ्या फळांनी लगडतात. 'डोंगरची काळी मैना' पानांच्या द्रोणांतून बाजारात येते आणि मुले फळ फोडून 'कोंबडा की कोंबडी' अशी पैज लावतात. फळाचे असे कौतुक होत असता जाळीला मात्र शेतकऱ्याच्या हिशेबात स्थान नाही. बांध साफ करताना आधी करवंद तोडावयाची आणि मग त्याच बांधावर पैसे खर्चून तार ओढावयाची, ही रीत सोडून देण्याजोगी आहे.

करवंदीचीच भावंडे उष्ण कटिबंधातील आफ्रिकेच्या रानांत वाढतात व तेथील लोक त्यांची फळे खातात. दक्षिण आफ्रिकेत तर या वर्गातील मोठ्या फळांची एक जात कुंपणासाठी मुद्दाम लावतात. मग सह्याद्रीतील शेतकऱ्याने घरची करवंद उपटून का टाकावी? मुरमाड जमिनीत ती तग धरते, तिची मुळे बांधाची माती धरून ठेवतात आणि काट्यांमुळे गुरे आत शिरत नाहीत. कच्च्या फळांचे लोणचे होते. त्यांत पेक्टिन भरपूर असल्याने जेलीही उत्तम जमते.

आणखी एक कारण महत्त्वाचे आहे. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वन्यजीवांसाठी राखलेल्या रानात फळे वेचण्यास पूर्वीची मोकळीक राहिलेली नाही, आणि बाहेरच्या माळांवर वणव्यात जाळ्या होरपळतात. फळे वेचून चार पैसे मिळविणाऱ्या स्त्रियांची मिळकत टिकवावयाची, तर करवंद मालकीच्या बांधावर आली पाहिजे.

जाळी पसरते व जागा अडविते, हा आक्षेप खरा आहे. परंतु फळे उतरल्यावर दरसाल छाटणी केल्यास ती आवरात राहते. बियांची उगवणशक्ती लवकर नष्ट होत असल्याने ताजे बी पेरून रोपे करावीत व पुढील पावसाळ्याच्या आरंभी ती बांधावर सुमारे 1 मीटर अंतराने लावावीत. मोठ्या फळांसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' ही जात आहे.

फळासाठी दोन-तीन वर्षे थांबावे लागते. परंतु तार दरसाल गंजत जाते, तर करवंदीचे कुंपण दरसाल दाट होत जाते, हे शेतकरी बांधवांनी ध्यानात घ्यावे.