जरीच्या सुईने विजेचा टाका

कापडात विजेचे सर्किट शिवायचे म्हटले की आपले जरी-कारागीर हसतात. हे काम इंजिनिअरांचे, आपला काय संबंध, असा त्यांचा सवाल असतो. आमच्या मते संबंध फार जवळचा आहे. १९९७ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत संशोधकांनी कापडाचा कीपॅड बनवला, तेव्हा रेशमी ऑर्गंझा वापरला. त्याच्या बाण्यातील रेशमी धाग्यावर तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेली होती. धाग्यावर धातू गुंडाळण्याचा हा हुन्नर जरीवाल्याला नवा आहे काय? पुढे २००७ साली ‘लिलीपॅड आर्डुइनो’ हे कापडावर टाचता येणारे, कडेला भोके असलेले सर्किट बाजारात आले.

सुरुवात लहान करावी. लाल एलईडी दिवा, तीन व्होल्टचा बटण सेल, तो बसवण्याची भोकांची डबी आणि वीजवाहक धागा एवढे पुरे. हा धागा स्टेनलेस स्टीलचा किंवा चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनचा मिळतो. आजची प्लॅस्टिक जरी चमकते, पण बहुधा वीज नेत नाही. म्हणून कोणताही धागा आधी मल्टिमीटरने तपासावा. दिव्याचा लांब पाय धन, आखूड पाय ऋण. पकडीने एकाला गोल व दुसऱ्याला चौकोनी कडी करावी, म्हणजे चूक होत नाही. धन बाजूचा धावदोरा वेगळा, ऋण बाजूचा वेगळा. प्रत्येक कडीवर तीन-चार टाके घट्ट घ्यावेत. या धाग्यावर प्लॅस्टिकचे आवरण नसते; दोन रेघा एकमेकींना लागल्या, किंवा मागच्या गाठीचे शेपूट लोंबले, तर शॉर्ट होऊन सेल तापतो. गाठ कापून तिच्यावर नेलपॉलिशचा थेंब द्यावा. एका सेलवर लाल आणि निळा दिवा एकत्र लावू नये. लाल पेटतो, निळा मंद राहतो. धुण्यापूर्वी सेल काढावा. तो लहान मुलांच्या हाती कदापि पडू देऊ नये. गिळल्यास जिवावर बेतते.

कारचोबावर बसणाऱ्या हाताला यातले टाके शिकवावे लागत नाहीत. शिकायचे आहे ते धन-ऋण आणि तपासणी. जाणकार शेजारी असेल, तर चार संध्याकाळी पुरतात.

मग घाई कशासाठी? कॉम्प्युटर भरतकामाची यंत्रे आली, तेव्हा आपण बघत राहिलो आणि हातकामाचा दर दुसऱ्यांनी ठरवला. येथेही तेच होऊ शकते. डिझायनर तयार सर्किट आणील आणि आपल्या हाती फक्त टाक्यांची मजुरी ठेवील. सर्किट ज्याला कळते तोच नगाचा दर सांगतो आणि दुरुस्तीचे पैसेही घेतो.

ही बाजारपेठ आज लहान आहे. नाटकाचे पोशाख, लग्नाचे कपडे, रात्री सायकल चालवणाऱ्यांची जाकिटे, एवढ्यापुरतीच मागणी दिसते. म्हणून चालू धंदा मोडून कोणी यात उडी घेऊ नये, कर्ज तर मुळीच काढू नये. आमचे कारखानदार बांधवांना एवढेच सांगणे आहे: अड्ड्यावरच्या एका होतकरू शागिर्दाला आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी द्या, सामान आपल्या खर्चाने द्या, आणि त्या संध्याकाळची मजुरी कापू नका.