माहेरची साडी वेळेवर पोचावी

सिनेमा बघून आलेल्या बाईला आपण पहिलं काय विचारतो? "कसा होता गं?" आणि तिचं उत्तरही ठरलेलं, "फार रडले बाई!" झालं, सिनेमा पास. रुमाल भिजला तर पैसे वसूल, कोरडा राहिला तर वाया.

मी काही सिनेमातली जाणकार नाही. नारायणगावात राहणारी, घरचं आणि शेतावरचं उरकून वर्षाकाठी दोन-चार सिनेमे बघणारी साधी बाई. पण इतकी वर्षं रडून झाल्यावर हल्ली एक प्रश्न पडायला लागलाय. आपण रडतो कुणासाठी? आणि रडून घरी आल्यावर करतो काय?

सुरुवात अर्थातच ‘माहेरची साडी’पासून. १९९१ साल. विजय कोंडके यांचा हा सिनेमा बघायला बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आलेल्या मी या डोळ्यांनी पाहिल्यात. आम्ही एस.टी.नं गेलो होतो. सासूबाई, मोठ्या जाऊबाई आणि मी. अलका कुबलचे हाल बघून टॉकीजमध्ये असे हुंदके फुटत होते की पडद्यावरचं बोलणं ऐकू येईना. सगळ्यांत जास्त रडल्या त्या आमच्या सासूबाई. सिनेमातल्या सासूला त्यांनी बोटं मोडून शिव्या दिल्या. घरी आल्या, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बसलात काय गं दोघी? भाकऱ्या कोण टाकणार?" जाऊबाईंनी आणि मी एकमेकींकडे बघितलं आणि चुलीपाशी गेलो.

आज त्या सिनेमाचा विचार केला की वेगळंच काही खुपतं. बापाला लेकीची माया येते कधी, तर ती गेल्यावर. माहेरची साडी येते, पण ती नेसायला लेक उरलेली नसते. त्या साडीपायी आपण ढसाढसा रडलो. ‘अहो, जिवंत होती तेव्हा का नाही दिलीत?’ हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

‘उंबरठा’ मी बऱ्याच उशिरा, टीव्हीवर पाहिला. जब्बार पटेलांचा, १९८२ सालचा. त्यातली स्मिता पाटीलची सुलभा शिकलेली, खाऊनपिऊन सुखी घरातली सून. पण महिला सुधारगृहात नोकरी करायला घर सोडून जाते. परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. मग ती पुन्हा बाहेर पडते, एकटीच. हा सिनेमा बघून आमच्या भिशीतली एकही बाई रडली नाही. "पोटच्या पोरीला सोडून गेली म्हणजे काय?" एवढाच निकाल.

मग २०१० मध्ये रवी जाधवांचा ‘नटरंग’ आला. त्यातला गुणा तमाशापायी बायको आणि पोराला मागे ठेवून जातो. अतुल कुलकर्णीनं काम काय केलंय! आम्ही सगळ्या म्हणालो, "केवढा कलावंत! काय सोसलं बिचाऱ्यानं!" त्याच बायका, तीच भिशी. बाप घर सोडून गेला तर कलावंत, आई गेली तर निर्दयी. तराजू एकच, मापं मात्र दोन. विभावरी देशपांडेनं केलेली गुणाची बायको मागे घर कशी चालवत असेल, हे मलासुद्धा दुसऱ्यांदा बघताना सुचलं.

आणि निदान नारायणगावकरणींनी तरी असा निकाल देऊ नये. हे विठाबाईंचं गाव आहे. तमाशा चालू असताना त्यांना कळा सुरू झाल्या, पडद्यामागे जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट इथं घरोघरी सांगतात. राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार मिळालेली ही बाई २००२ मध्ये गेली. आज त्यांच्या नावानं राज्य सरकार तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं.

सिनेमातली नाचणारी मात्र वेगळीच असते. ‘पिंजरा’ (१९७२) घ्या. संध्याचा नाच आणि डॉ. श्रीराम लागूंचे मास्तर, दोन्ही लाजवाब. पण ती येते कशासाठी, तर एका सज्जन माणसाला नादी लावायला. पाडव्याच्या सुमाराला आमच्याकडे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी यात्रेच्या सुपाऱ्या घेऊन येतात. तेव्हा राहुटीबाहेर मला जी बाई दिसते ती लेकराला मांडीवर घेऊन बसलेली असते, नाहीतर तांदूळ निवडत असते. तिच्या पायांवर तिचं अख्खं घर उभं असतं. ही बाई सिनेमात मला फारशी भेटली नाही.

तुम्ही म्हणाल, हिला रडायचंच वावडं दिसतंय! तसं नाही हो. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) पाहून मी पोटभर रडले. भारतातर्फे ऑस्करला गेलेला तो सिनेमा. लहानग्या नातवाच्या डोळ्यांना कॅन्सर. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. अरुण नलावडेंचे आजोबा ऑपरेशनच्या आधी पोराला दवाखान्यातून बाहेर नेतात, जग दाखवायला. या सिनेमात दुष्ट कुणीच नाही. ना सासू, ना सावकार, ना डॉक्टर. त्यामुळे शिव्या देऊन मोकळं होता येत नाही. दुसऱ्याच आठवड्यात आमच्या शेजारीण सासऱ्यांना घेऊन पुण्याच्या दवाखान्यात निघाल्या होत्या. एरवी मी "काही लागलं तर सांगा हं" म्हणून दार लावलं असतं. त्या दिवशी डबा घेऊन सोबत गेले. रडण्याचा उपयोग झाला तो असा.

आता ‘सैराट’. २०१६ साल. आम्ही नऊजणी जीप करून गेलो होतो. ‘झिंगाट’ला पोरं खुर्च्यांवर चढून नाचत होती, आम्हीही टाळ्या पिटल्या. आणि मग तो शेवट. आर्चीच्या दारात भाऊ येतो, सोबत नातेवाईक. आईनं पाठवलेलं सामान आणलेलं. किती वर्षांनी माहेरचं माणूस आलंय! ती हरखून चहा ठेवते. पुढचं तुम्हाला माहीत आहेच. त्या लेकराची रक्तानं भरलेली पावलं बघून थिएटरमध्ये कुणी रडलंसुद्धा नाही. सगळे गार.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये एकजण म्हणाली, "आईबापाचं ऐकलं नाही की असंच व्हायचं." सगळ्यांच्या माना हलल्या. माझीही हलली. घरी आल्यावर बारावीतल्या लेकीला म्हटलं, "बघितलास ना सिनेमा? लक्षात ठेव." ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "आई, आर्ची तर चहा करत होती. तिचं काय चुकलं? आणि तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

मला उत्तर देता आलं नाही. १९९१ मध्ये माहेरची साडी आली ती लेक गेल्यावर. पंचवीस वर्षांनी माहेरची पिशवी आली ती लेकीला संपवायला. दोन्ही वेळा आपण हळहळलो, आणि दोन्ही वेळा दोष मात्र लेकीच्या नशिबावर, नाहीतर तिच्या वागण्यावर टाकून मोकळ्या झालो. दार लावून बसलेल्या माहेराला कुणी काही विचारलं नाही.

हे सगळं आज का लिहितेय? आमच्या जाऊबाईंच्या मुलीनं तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं. दोघं मंचरला असतात. इथून गाडीनं अर्ध्या तासाचा रस्ता. घरातून कुणी गेलेलं नाही. तिला मुलगी झाली, तेव्हाही नाही. जाऊबाई न्हाणीघरात जाऊन दबक्या आवाजात लेकीला फोन करतात. गेल्या दिवाळीला त्यांनी एक साडी घेतली, मोरपिशी. ती कपाटात तळाशी घडी घालून ठेवलीय. भाऊजी चिडतील म्हणून पाठवली नाही. ‘माहेरची साडी’ला माझ्या शेजारी बसून रडलेल्या त्या याच जाऊबाई.

परवा मी त्यांना म्हटलं, "वहिनी, साडी काढा. रविवारी आपण दोघी जाऊ. भाऊजींना मी सांगते." त्या घाबरल्या. मीही थोडी घाबरलेच होते, खोटं कशाला बोलू? पण मग उठल्या, कपाट उघडलं आणि विचारलं, "नातीला काय न्यायचं गं?"

घरात बोलणी बसतील, बसू देत. तुमच्याही कपाटात अशी एखादी साडी असेल, तर मैत्रिणींनो, ती कपाटातच राहू देऊ नका.