रिठ्याचें कुळ

शाळेंत असतांना एका विद्यार्थ्यानें मला अडचणींत टाकलें होतें. वनस्पतींचीं कुळें मी फळ्यावर लिहून देत होतों. तो उठून म्हणाला, "गुरुजी, आंबा कोणत्या कुळांतला आणि लिंबू कोणत्या, हें कळल्यानें कोणाचें काय भलें होणार?" मी त्याला खालीं बसविलें, उत्तर मात्र दिलें नाहीं, कारण तें मजपाशीं नव्हतें. आज तें देतां येण्यासारखें आहे, म्हणून हा विषय वाचकांपुढें ठेवीत आहें.

रिठ्याच्या गणाला शास्त्रज्ञ 'सॅपिंडेलीज' म्हणतात. हें नांव कानीं पडतांच संस्कृत शिकलेल्या मनुष्यास आपला 'सपिंड' शब्द आठवावा, हें साहजिक आहे. वस्तुतः ह्या दोहोंचा कांहीं संबंध नाहीं. लॅटिन भाषेंत साबणाला 'सापो' म्हणतात. त्याला हिंदुस्थानवाचक शब्द जोडून रिठ्याला 'सॅपिंडस', म्हणजे 'हिंदी साबण', असें नांव देण्यांत आलें. व्युत्पत्ति निराळी खरी, पण अर्थ मात्र विलक्षण रीतीनें जुळतो. मिताक्षराकार विज्ञानेश्वरांनीं 'सपिंड' शब्दांतील पिंड म्हणजे श्राद्धांतील भाताचा गोळा, असा अर्थ घेतला नाहीं. पिंड म्हणजे शरीर; एकाच पूर्वजाच्या शरीराचे अंश ज्यांच्यांत उतरले ते सपिंड, असें त्यांचें म्हणणें. आजचें वनस्पतिशास्त्र झाडांचीं नातीं ह्याच न्यायानें ठरवितें.

पूर्वी हीं नातीं मुख्यत्वें फुलाफळांच्या रचनेवरून ठरत. बेंथम आणि हुकर ह्या पंडितांनीं १८६२ ते १८८३ ह्या काळांत जो महाग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत आंबा आणि रिठा एका गणांत होते, तर लिंबू आणि कडुनिंब दुसऱ्या गणांत. पुढें पेशींतील डीएनए, म्हणजे आनुवंशिक द्रव्य, वाचण्याची विद्या हातीं आली. १९९३ सालीं मार्क चेस आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं सुमारें ५०० वनस्पतींतील एकाच जनुकाची तुलना प्रसिद्ध केली, आणि १९९८ सालीं अशा संशोधनाच्या आधारें सपुष्प वनस्पतींचें नवें वर्गीकरण मांडण्यांत आलें. त्यांत वरचीं चारी झाडें एकाच गणांत आलीं. ह्या गणांत आज नऊ कुळें आणि सहा हजारांहून अधिक जाति मानतात.

आपल्या घरांत हा गण किती खोल शिरला आहे, पहा. पाडव्याचा कडुनिंब, शंकराला वाहिलेला बेल, फोडणींतला कढीलिंब, लोणच्याची कैरी, काजू, बिब्बा, धुपांतला गुग्गुळ आणि न्हाणीघरांतला रिठा, हे सर्व एकमेकांचे भाऊबंद. शीतकटिबंधांतील मेपलचें झाड पूर्वी पुष्कळ वनस्पतिशास्त्रज्ञ स्वतंत्र कुळांत घालीत. तेंही आतां रिठ्याच्या कुळांत आलें. लीचीही ह्याच कुळांतली.

आतां विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. बिहारांतील मुझफ्फरपूर जिल्हा लीचीसाठीं प्रसिद्ध आहे. तेथें १९९५ पासून दरवर्षीं मे-जून महिन्यांत लहान मुलांवर एक विचित्र रोग घाला घाली. संध्याकाळपर्यंत खेळत असलेलें मूल पहांटे एकाएकीं झटके येऊन बेशुद्ध पडे, आणि कित्येक मुलें वांचत नसत. कोणी हा विषाणूचा मेंदूज्वर म्हणे, कोणी उन्हाची बाधा, तर कोणी फवारणीच्या औषधांचा परिणाम. २०१४ सालीं २६ मे ते १७ जुलै एवढ्या अवधींत तेथील दोन रुग्णालयांत अशीं ३९० मुलें दाखल झालीं, आणि त्यांतील १२२ दगावलीं.

ह्या कोड्याचा धागा सांपडला तो हजारों कोस दूर, वेस्ट इंडीज बेटांत. जमेका बेटांत 'अॅकी' नांवाचें फळ लोक आवडीनें शिजवून खातात. पण कच्चें राहिलेलें अॅकी खाल्लें असतां ओकाऱ्या, झटके आणि बेशुद्धि येऊन माणूस दगावतो. त्यांतील विष १९५४ सालीं शास्त्रज्ञांनीं वेगळें काढून दाखविलें. रक्तांतील साखर खालीं आणतें म्हणून त्यास 'हायपोग्लायसिन' म्हणतात. आणि अॅकी कोणत्या कुळांतली? रिठ्याच्या, म्हणजेच लीचीच्या! भारत सरकारचें राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आणि अमेरिकेंतील तशीच संस्था, ह्यांनीं मिळून मुझफ्फरपुरास तपास केला आणि तो २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. आजारी मुलांच्या लघवीच्या ७३ नमुन्यांपैकीं ४८ नमुन्यांत ह्या विषाचे अवशेष आढळले. तुलनेसाठीं घेतलेल्या १५ नमुन्यांत एकही आढळला नाहीं.

पण लीची तर लाखों मुलें खातात; मग हींच कां आजारी पडलीं? ह्याचें उत्तर काळीज हलविणारें आहे. आपण रात्रीं निजलों असतां यकृत आपला सांठा खर्चून रक्तांतील साखर राखतें. तो संपला म्हणजे शरीर चरबी जाळून त्या बळावर नवी साखर तयार करतें. लीचींतील विष नेमकें हेंच काम अडवितें. ज्याचें पोट भरलेलें आहे त्याला सांठा पुरतो. परंतु जें मूल दिवसभर बागेंत पडलेल्या लीच्या खाऊन रात्रीं न जेवतां निजलें, त्याचा सांठा पहांटेपर्यंत टिकत नाहीं, आणि मेंदू उपाशी पडतो. तपासांतही रात्रींचें जेवण चुकणें हें एक मोठें कारण ठरलें. म्हणजे विष फळांत होतें, पण त्याला वाट मोकळी करून दिली ती उपासानें. २०१९ सालीं तेथें पुनः शंभरांहून अधिक मुलें दगावलीं. प्रत्येक मृत्यूचा दोष लीचीवर ठेवणें बरोबर नाहीं. कडक ऊन आणि कुपोषण ह्यांचाही त्यांत वांटा आहे, असें जाणते सांगतात.

हें नातें केवळ कागदावरचें नाहीं, ह्याची आणखी एक साक्ष आहे. युरोप-अमेरिकेंत चरणारे घोडे एकाएकीं स्नायू निकामी होऊन मरत. २०१३ आणि २०१४ सालीं त्याचा उलगडा झाला: मेपलच्या कांहीं जातींच्या बियांत तेंच हायपोग्लायसिन होतें. ज्या मेपलला डीएनएच्या आधारें रिठ्याच्या कुळांत आणून बसविलें, त्याच्या पोटीं कुळाचें विषही निघालें.

पिकलेली लीची जेवल्याखाल्लेल्या मुलाला बाधत नाहीं. ती मुलांना सुखानें द्यावी, पण जेवणाच्या जागीं देऊं नये आणि रिकाम्या पोटीं मनसोक्त खाऊं देऊं नये. फळें खाऊन पोट भरलें म्हणून मूल झोपेला आलें, तरी त्याला उठवून वरण-भाताचे चार घास भरवावे. अशा मुलास पहांटे झटके आले, तर वेळ न दवडतां दवाखाना गांठावा आणि रक्तांतील साखर तपासण्यास सांगावें. ती वेळीं भरून काढली तर मूल वांचूं शकतें.

तो विद्यार्थी आज मुलांबाळांचा धनी असेल. बाळा, कुळ ओळखल्यानें काय भलें होतें, तें हें. उत्तराला उशीर झाला, एवढी गुरुजींची चूक पदरांत घे.