मोठेपणी कोण होणार? – चित्राशेजारची छोटी पाटी

मुलामुलींनो, तुमच्यापैकी किती जण शाळेच्या सहलीबरोबर एखाद्या चित्रसंग्रहालयात जाऊन आला आहात? मग हा प्रसंग तुमच्या ओळखीचा असणार. दोघादोघांची रांग, पुढे बाई, मागे सर आणि "चला, चला, पुढे सरका" असा सारखा घोष. वीस मिनिटांत अख्खं दालन संपतं. त्यातही एखाद्या चित्रापाशी तुम्ही थबकलात, नीट बघावं म्हणून जरासे पुढे वाकलात, की लगेच कुणीतरी ओरडतं, "ए, हात लावू नकोस!" तुम्ही दचकून मागे सरता. तेवढ्यात डबा खायची वेळ होते आणि ते चित्र तसंच मागे राहतं.

या सदरात आज दोन माणसांची ओळख करून घेऊ. सरकारी किंवा सार्वजनिक चित्रसंग्रहालयात ती काम करतात. एकाचं काम ते चित्र तुमच्यापासून वाचवण्याचं, तर दुसऱ्याचं काम तेच चित्र तुमच्यापर्यंत पोचवण्याचं! आहे की नाही गंमत? पहिल्याला म्हणतात क्युरेटर. मराठीत त्यासाठी 'अभिरक्षक' असा भारदस्त शब्द आहे. दुसरा म्हणजे संग्रहालयाचा शिक्षण अधिकारी.

ही माणसं दिवसभर करतात तरी काय? एका चित्राच्या निमित्तानं पाहू.

एक तरुण मुलगी उभी आहे. तिच्या एका हातात दिवा आहे आणि ज्योत विझू नये म्हणून तिनं दुसऱ्या हाताचा आडोसा केला आहे. दिव्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला आहे आणि आडोशाच्या बोटांमधून तांबूस होऊन झिरपतो आहे. हे चित्र तुम्ही कॅलेंडरवर किंवा कुणाच्या तरी दिवाणखान्यात नक्की पाहिलं असेल. 'कुणी काढलंय?' असं विचारलं, तर बरेच जण छातीठोकपणे सांगतात, "राजा रविवर्मा!"

साफ चूक! हे चित्र काढलं सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी. चित्राचं नाव 'ग्लो ऑफ होप'. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या श्री जयचामराजेंद्र चित्रशाळेच्या संग्रहात ते आहे. दिवा धरून उभी असलेली मुलगी म्हणजे हळदणकरांची स्वतःची कन्या, गीता. चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं. आणि रविवर्मा कधी वारले, ठाऊक आहे? १९०६ साली! म्हणजे हे चित्र निघालं, तेव्हा रविवर्मांना जाऊन जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती. शिवाय रविवर्मा प्रसिद्ध आहेत ते तैलरंगांतल्या चित्रांसाठी. हे चित्र मात्र कागदावर जलरंगात काढलेलं आहे. जलरंगात चुकलं की खोडून पुन्हा काढायची सोय फारशी नसते. चित्रकलेच्या तासाला तुम्ही हे अनुभवलंच असेल!

गीताबाईंना शंभराहून जास्त वर्षांचं आयुष्य लाभलं. २०१८ साली कोल्हापुरात त्या वारल्या. म्हणजे चित्रातली मुलगी प्रत्यक्ष हयात होती आणि तरीही कितीतरी लोक तिच्या वडिलांचं चित्र दुसऱ्याच्याच नावावर खपवत होते. विचार करा, तुम्ही जीव ओतून काढलेल्या चित्राखाली वर्गातल्या पहिल्या नंबरवाल्याचं नाव लिहिलं, तर कसं वाटेल?

इथं अभिरक्षकाचं पहिलं काम सुरू होतं. चित्राशेजारी एक छोटी पाटी असते ना? चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव, साल, माध्यम. चारच ओळी. पण त्या चार ओळींसाठी कधीकधी महिनोन्‌महिने कागदपत्रं धुंडाळावी लागतात. सही कुणाची आहे? ती नंतर कुणी केलेली तर नाही? चित्र कधी, कुणाकडून विकत घेतलं किंवा भेट मिळालं? जुन्या प्रदर्शनांच्या यादीत त्याचं नाव सापडतं का? अगदी गुप्तहेराचं काम म्हणा ना! संग्रहालयात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक नोंदणी क्रमांक मिळतो, तुमच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरच्या नंबरासारखा. कुठे ओरखडा आहे, कुठला कोपरा दुमडला आहे, तेही लिहून ठेवतात. चित्र दुसऱ्या गावी प्रदर्शनाला निघालं, की पेटीत भरण्याआधी आणि परत आल्यावर ही यादी पुन्हा तपासायची. पेटी पोचली म्हणून लगेच उघडायचीही नाही, बरं का! निदान एक दिवस ती तशीच ठेवायची. तिथल्या हवेची चित्राला सवय व्हावी लागते.

अभिरक्षकाचं दुसरं काम म्हणजे चित्राचं आयुष्य वाढवणं. चित्राचे शत्रू कोण? दमट हवा आली की बुरशी येते. कागदाला कसर लागते. तुमच्याआमच्या बोटांना कितीही धुतलं तरी थोडा घाम नि तेल असतंच. एकदा हात लावला तर काही दिसत नाही, पण दिवसाला शंभर जणांनी लावला की रंगावर काळपट थर चढतो. म्हणून तर तो 'हात लावू नकोस'चा ओरडा!

पण सगळ्यांत लबाड शत्रू म्हणजे उजेड. चित्र बघायला उजेड हवाच आणि उजेडच त्याचा रंग उडवतो. उडालेला रंग मात्र कुठल्याही उपायानं परत येत नाही. मग करायचं काय? तर उजेड मोजूनमापून द्यायचा. उजेड 'लक्स'मध्ये मोजतात. अंधाऱ्या खोलीत पेटत्या मेणबत्तीपासून एक मीटरवर कागद धरलात, तर त्यावर साधारण एक लक्स उजेड पडतो. भर दुपारच्या कडक उन्हात तो लाखभर लक्स असतो. कागदावरच्या जलरंगी चित्रांना संग्रहालयात फक्त ५० लक्सच्या आसपास उजेड देतात.

आता वही-पेन्सिल घ्या. ५० लक्स उजेड रोज ८ तास, असं १०० दिवस चित्राला दाखवलं. ५० गुणिले ८ गुणिले १०० म्हणजे ४०,००० झाले. आता तेच चित्र लाखभर लक्सच्या उन्हात ठेवलं, तर तेवढाच उजेड त्याला किती वेळात मिळेल? फक्त २४ मिनिटांत! शंभर दिवसांचं रेशन एका मधल्या सुट्टीत फस्त! म्हणूनच अशी चित्रं काही महिने भिंतीवर ठेवतात आणि मग अंधाऱ्या कपाटात विश्रांतीला पाठवतात. पुढच्या वेळी संग्रहालयात मंद उजेड दिसला, तर 'वीज वाचवतायत वाटतं' असं म्हणू नका. तुमच्या नातवंडांसाठी रंग वाचवतायत ते!

आता तुम्ही म्हणाल, मग चित्र कायमचं कपाटातच ठेवावं, म्हणजे काळजीच नको. अगदी बरोबर! दोनशे वर्षं टिकेल. पण ते बघणार कोण? कुणीच न पाहिलेलं चित्र टिकलं काय नि न टिकलं काय, सारखंच.

इथं आपला दुसरा माणूस पुढे येतो. शिक्षण अधिकारी. याचं काम म्हणजे घोकलेली माहिती धडाधड म्हणून दाखवणं, असं पुष्कळांना वाटतं. पण चांगला शिक्षण अधिकारी बोलतो कमी आणि विचारतो जास्त. समजा, तुमचा वर्ग त्या दिवेवालीसमोर बसला आहे. हो, चक्क खाली मांडी घालून! तो आधी दोन मिनिटं कुणालाच बोलू देणार नाही. नुसतं बघा म्हणेल. मग विचारेल, "काय दिसतंय?" कुणी म्हणेल, "बाई दिवा लावतेय." तो विचारेल, "कशावरून?" दुसरी म्हणेल, "नाही, लावतेय कुठे? दिवा तर लागलेलाच आहे. ती कुठेतरी चाललीय आणि वाऱ्यानं विझू नये म्हणून हात धरलाय." तिसरा मध्येच म्हणेल, "पण तिची बोटं लाल का?" झालं! मग प्रत्येक जण आपापली बोटं विजेरीसमोर धरून पाहील. चित्रकारानं जे कित्येक वेळा निरखून पाहिलं असेल, ते तुम्ही स्वतः शोधून काढलेलं असेल. हे कुणी पाठ करून घेतलेलं नाही, म्हणून ते विसरलंही जाणार नाही.

याखेरीज त्याची कामं पुष्कळ. शिक्षकांना आधी बोलावून सहल कशी आखायची ते सांगायचं. सुट्टीत चित्रकलेची, मातीकामाची शिबिरं घ्यायची. अंध मुलांना शिल्पं हातांनी बघता यावीत म्हणून प्रतिकृती करवून घ्यायच्या. ज्यांना संग्रहालयापर्यंत येता येत नाही, त्यांच्या गावी संग्रहालय न्यायचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची तर यासाठी खास बस आहे.

या दोघांचं नेहमी पटतं असं मात्र समजू नका! आता उंचीचंच बघा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर येईल, अशा बेतानं चित्रं टांगायची बऱ्याच ठिकाणी पद्धत आहे. मोठ्या माणसाच्या डोळ्यांना ते बरोबर पडतं. पण तिसरीतल्या मुलाची अख्खी उंचीच १२५ सेंटिमीटरच्या आसपास! त्याला दिसणार ती चौकटीची खालची कड. शिक्षण अधिकारी म्हणतो, "चित्रं खाली घ्या." अभिरक्षक म्हणतो, "खाली घेतली की हात पोचतील." दोघांचंही खरं असतं. मग चर्चा होते, थोडी वादावादी होते आणि मार्ग निघतो. चित्र जरा खाली येतं, समोर दोन पावलांवर दोरी लागते, पाटीवरची अक्षरं मोठी होतात. एकाच्या डोळ्यांपुढे अजून जन्माला न आलेली मुलं असतात आणि दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे आत्ता समोर उभी असलेली मुलं. दोघांपैकी एक जरी गप्प बसला, तरी नुकसान तुमचंच.

हे काम करायचं तर काय शिकावं लागतं? बारावीनंतर कलाइतिहास, इतिहास, पुरातत्त्व किंवा चित्रकला यांपैकी एखाद्या विषयाची पदवी घ्यायची. मग संग्रहालयशास्त्र. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हा विषय १९५२ पासून शिकवला जातो. रसायनशास्त्राची आवड असेल, तर जुन्या चित्रांची दुरुस्ती करणारे तज्ज्ञही लागतात. जागा थोड्या असतात आणि सुरुवातीचा पगार फार मोठा नसतो, हेही आधीच सांगितलेलं बरं. पण चिकाटी हवी, अक्षर आणि नोंदी नेटक्या हव्यात आणि एकाच गोष्टीकडे पुन्हा पुन्हा बघायचा कंटाळा नको. या गोष्टी कुठल्या कॉलेजात मिळत नाहीत. त्या आतापासूनच लावून घ्यायच्या.

म्हणून हा घ्या गृहपाठ. एक लाल किंवा जांभळा घोटीव कागद घ्या, त्याच्या अर्ध्या भागावर जाड पुठ्ठा ठेवा आणि महिनाभर ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवून द्या. मग पुठ्ठा उचला. उजेड रंगाचं काय करतो, ते सांगायला मग कुणी क्युरेटर लागणार नाही! दुसरं काम, घरातले जुने फोटो काढा आणि आजीला किंवा आजोबांना विचारून त्यांची यादी करा. फोटोत कोण आहे, कुठल्या सालचा, कुणी काढला, सगळं लिहा. फोटोच्या मागे पेनानं खरडू नका, वेगळ्या वहीत क्रमांक घालून लिहा. आज विचारलं नाहीत, तर काही वर्षांनी ती नावं सांगणारं कुणी उरणार नाही. हळदणकरांच्या चित्राचं काय झालं ते आताच पाहिलंत ना?

आणि आईबाबांनो, थोडं तुमच्यासाठी. मुंबईला आलात तर काळा घोड्याच्या परिसरात, चालत जाण्याच्या अंतरावर तीन ठिकाणं आहेत. १९२२ साली खुलं झालेलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय (२०१९ पासून तिथं मुलांचं वेगळं संग्रहालयही आहे), १९५२ ची जहांगीर आर्ट गॅलरी आणि १९९६ पासून कावसजी जहांगीर सभागृहात असलेलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. सातारा जिल्ह्यात औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं श्री भवानी संग्रहालय आहे, नागपूरला 'अजब बंगला' आहे. मुलांना घेऊन जरूर जा. फक्त एक करा. सगळी दालनं 'उरकायची' असा पण करू नका. मुलानं निवडलेल्या एकाच चित्रासमोर पाच मिनिटं त्याच्याबरोबर उभे राहा आणि विचारा, "काय दिसतंय?" तो पाच मिनिटं थांबला, तर घड्याळाकडे पाहू नका.

आणि दोस्तांनो, निघण्याआधी ती छोटी पाटी वाचायला विसरू नका. तुम्हाला ती बरोबर वाचायला मिळावी, म्हणून कुणीतरी खूप कष्ट घेतलेले असतात. काय सांगावं, आणखी पंधरा वर्षांनी ती पाटी तुमच्यापैकीच कुणीतरी लिहिलेली असेल!