ऐच्छिक, पण कुणाच्या इच्छेने?

परवा नेवाशाहून भाच्याचा फोन. "मामा, तू म्हणतोस अडलं की 'मॅन' लाव. लावलं. म्हणे अशी कमांडच नाही!" त्याने शिकायला लिनक्सचा एक कंटेनर (संगणकातला छोटा बंदिस्त संगणक म्हणा) उतरवून घेतला होता. त्यात नेट गेलेलं. पोरगा हात चोळत बसला.

मंडळी, हा अपघात नाही, धोरण आहे. आरपीएम पॅकेजात माहितीच्या फायलींना 'डॉक' अशी खूण असते. मॅन पेजेसना ती आपोआप लागते. इमेज बनवणारा 'नोडॉक्स' म्हणाला की सगळं गळतं. नंतर हवं असेल तर अख्खं पॅकेज पुन्हा बसवा! डेबियनची रीत मला जास्त पटते: भलंमोठं डॉक्युमेंटेशन वेगळ्या 'डॉक' पॅकेजात, मॅन पेज प्रोग्रॅमसोबत. पण त्यांच्याही 'स्लिम' इमेजमधून मॅन पेजेस गाळतात. कॉपीराइटची फाइल मात्र जपून ठेवतात. म्हणजे वकिलाची सोय झाली, शिकणाऱ्याची नाही.

जागा वाचते, मान्य. सर्व्हरवरच्या शेकडो कंटेनरांत कुणी मॅन पेज वाचत बसत नाही. तिथे खुशाल गाळा. पण शिकणारी पोरंही तीच इमेज उतरवतात, त्याचं काय? "ऐच्छिक" म्हणता, ते कुणाच्या इच्छेने? पॅकेज बांधणाऱ्याला सगळं तोंडपाठ असतं. ज्याला नसतं, त्याला कुणी विचारतच नाही.

गंमत बघा, हा पोरगा अडला त्याच नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. गीतेचे श्लोक ७००, ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९०००. मूळ पॅकेजच्या बारापटीहून मोठं 'डॉक'! जागा वाचवायला ते गाळलं असतं तरी गीता बिनबोभाट चालली असती... संस्कृत येणाऱ्यांसाठी. आपण सगळे दाराबाहेर.

म्हणून पॅकेज बांधणाऱ्यांना एवढंच सांगणं: वेगळं ठेवा, पण माणसाच्या संगणकावर गाळायचं की नाही हे त्या माणसाला ठरवू द्या. आणि गाळलंच, तर परत कसं आणायचं ते तिथेच एका ओळीत लिहा. त्या ओळीला किती जागा लागते हो?

असो. संध्याकाळी नेट आलं, पुस्तिका उतरली. भाचा आता मलाच शिकवतोय :-)