रूपकाचा अर्थ आणि अध्याहृताची कसोटी

वाक्याचा अर्थ म्हणजे ते कोणत्या परिस्थितीत खरे ठरेल याच्या अटी, आणि त्या अटी शब्दांचे अर्थ व त्यांची रचना यांवरून नियमाने मिळाल्या पाहिजेत, अशी आकारिक अर्थविज्ञानाची भूमिका असल्याने रूपक ही त्याची जुनी अडचण आहे. १९७८ साली तत्त्वज्ञ डोनाल्ड डेव्हिडसन यांनी तर रूपकाला वाच्यार्थापलीकडे अर्थच नसतो, ते केवळ काहीतरी लक्षात आणून देते, असे म्हणून हा प्रश्नच हद्दपार केला.

ही हद्दपारी घाईची होती. ‘आजोबा फणस आहेत आणि काकाही’ या वाक्यात आजोबा वरून काटेरी व आतून गोड, काका मात्र नुसतेच अवाढव्य, असा अर्थ ओढूनताणूनही बसत नाही (थट्टाच करायची असेल तर गोष्ट वेगळी). ‘काकाही’नंतर अध्याहृत राहिलेले विधेय आधीच्या विधेयाचाच अर्थ घेते. रूपकार्थ ही केवळ श्रोत्याच्या मनात उमटलेली प्रतिमा असती, तर व्याकरणाचा हा नियम तिला बांधू शकला नसता.

असा नियमबद्ध रूपकार्थ मांडण्यासाठी जोसेफ स्टर्न यांनी २००० सालच्या ग्रंथात डेव्हिड कॅप्लन यांच्या दर्शक शब्दांच्या विश्लेषणाचा आधार घेतला. ‘मी’चा नियम, म्हणजे ‘जो बोलत आहे तो’, कायम राहतो आणि व्यक्ती संदर्भागणिक बदलते. त्याच धर्तीवर स्टर्न रूपकातील पदाला एक अनुच्चारित चिन्ह जोडतात, ज्यामुळे संदर्भात गृहीत असलेल्या समजुतींतून फणसाचे काही गुणधर्म उचलले जाऊन वाक्याच्या सत्यतेच्या अटींत उतरतात. नेमके कोणते गुणधर्म, हे ते चिन्ह सांगत नाही. पण बोलणारा कोण, हे तरी ‘मी’चा नियम कुठे सांगतो?

वाच्यार्थ सोडून रूपकार्थ घ्यायचा केव्हा, हा प्रश्न मात्र उरतो. रूपक ज्या गौणी लक्षणेत, म्हणजे साम्यावर आधारलेल्या लाक्षणिक अर्थात, मोडते तिच्यासाठी संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने मुख्यार्थबाधाची, म्हणजे वाच्यार्थ अडण्याची, अट घातली. परंतु ‘आजोबा काही फणस नाहीत’ हे वाच्यार्थानेही निखालस खरे असल्याने तिथे काहीच अडत नाही आणि रूपक शाबूत राहते. नैयायिक विश्वनाथ पंचाननांनी लक्षणेचे बीज तात्पर्य न जुळण्यात मानले, ते म्हणूनच अधिक टिकाऊ: कावळ्यांपासून दही राखायला सांगितल्यावर ते मांजराला खाऊ देणारा मुलगा आज्ञेचे अक्षर मोडत नाही, तात्पर्य मोडतो.

मराठीपुरते काम याहून बारीक आहे, कारण बोलण्यात ‘आजोबा म्हणजे फणस’ हेच सहज येते आणि हेच ‘म्हणजे’ त्रिकोणाची व्याख्याही देते; त्याचा नकार ‘नाही’ने होतो की ‘नव्हे’ने, आणि त्यापुढे ‘काकाही’ जोडता येते का, हे वाक्ये जमवून तपासल्याखेरीज स्टर्न यांचे चिन्ह मराठी वाक्यात कुठे बसवायचे ते ठरणार नाही.